मोसंबीच्या बुंध्यावरचा पट्टा

झाडात पाणी वर चढतं, याचं माणसाला भारी कौतुक. राहात्याच्या मुलींच्या शाळेत मी शिकवत होते तेव्हा दर वर्षी एक प्रयोग करून दाखवावा लागे. पांढऱ्या गुलछडीचा दांडा लाल शाईच्या पेल्यात उभा करायचा आणि दुसऱ्या दिवशी पाकळ्यांत उमटलेल्या तांबड्या रेघा वर्गाला दाखवायच्या. मुली टाळ्या वाजवत. तपासणीला आलेले साहेबही एकदा टाळी वाजवून गेले होते, जणू ती शाई त्यांनीच ओढून वर नेली होती.

मग त्याच तासाला मी पुढचं सांगायची. पाणी लाकडातून वर जातं, पानांत पोचतं, तिथं उन्हाच्या मदतीनं अन्न तयार होतं, आणि ते अन्न खाली मुळांपर्यंत परत येतं. परत येण्याची वाट मात्र वेगळी. ते लाकडातून येत नाही, सालीच्या आतल्या ओल्या, नाजूक थरातून उतरतं. याला टाळी कधीच मिळाली नाही. दाखवायला लाल रंग नव्हता ना! मुली जांभया देत आणि साहेब घड्याळ बघत. त्या जांभईपायी एक अख्खी बाग मेलेली मी पाहिली आहे, म्हणून हे लिहिते आहे.

माझी थोरली बहीण, तिला मी अक्का म्हणायची, कोल्हारला दिली होती. दोन्ही घरं ख्रिस्तीच. माहेर शाळामास्तरांचं, सासर शेतकऱ्यांचं. तिचा नवरा अबोल माणूस. बोलायचा तो झाडांशीच. पाटाच्या पाण्यावर त्यानं मोसंबीची बाग उभी केली होती. रोपांवर डोळे, म्हणजे कलमाच्या कळ्या, त्यानं स्वतः भरले आणि केळीच्या सोपटाच्या पट्ट्यांनी ते बांधायला अक्कानं हात दिला. बाग फळाला आली आणि दोनतीन हंगामांत तो तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. बागेच्या कडेला दोन खणांचं घर, एक गोठा, आणि अक्का एकटी.

नवरा गेल्यावर चर्चच्या मंडळीच्या पंचांसमोर ठरलं ते असं. बाग अक्काच्या वाट्याची. ती फळ देते आहे तोवर अक्कानं तिथं स्वतंत्र राहावं. बाग बसली तर मात्र तिनं मोठ्या दिराच्या घरी जाऊन राहावं, म्हणजे बाईमाणूस उघड्यावर पडायचं नाही. पंचांना हे फार दयाळू वाटलं. दिराच्या घरी तिच्यासाठी काय वाढून ठेवलं होतं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. तिथं पंधरा-वीस माणसांची चूल होती आणि त्या चुलीपुढं बसणारं फुकटचं माणूस त्यांना हवंच होतं. अक्कालाही ते ठाऊक होतं. "बाग हाय तवर मी माज्या दारात," एवढंच ती म्हणायची, आणि झाडांना पोटच्या पोरांसारखं जपायची.

या मोठ्या दिरांना सगळे "थोरले" म्हणत. मीही तसंच म्हणते, नाव घेण्याइतका आदर माझ्या मनात उरलेला नाही. थोरले मंडळीतले पंच. उन्हाळ्यातही अंगात कोट. चर्चमध्ये गाताना आवाज इतका वरचा, की बाकीच्यांनी केवळ ओठ हलवले तरी चालून जायचं. पाटाच्या पलीकडे त्यांची स्वतःची बाग होती, पण अक्काच्या बागेवर देखरेख करण्याचा हक्क त्यांनी परस्पर घेतला होता. कधीकाळी एकदा ते पुण्याला जाऊन आले होते, आणि तेव्हापासून कोणत्याही विषयावर बोलायचं झालं की ते पुण्याहून नुकतेच उतरल्यासारखे बोलत.

आता कापणीच्या सणाविषयी सांगायला हवं. दिवाळीच्या मागेपुढे आमच्या मंडळीत हा सण होतो. ज्याच्या शेतात जे चांगलं पिकलं ते त्यानं टोपलीत घालून चर्चमध्ये आणायचं, उपकारस्तुती करायची, आणि मग अंगणात त्या सगळ्याचा लिलाव करून पैसे मंडळीला द्यायचे. उसाच्या मोळ्या खांबांना बांधतात, बाजरीची कणसं खिडक्यांत लावतात, भोपळे पायऱ्यांवर मांडतात. सुंदर सण. देवापुढं सगळ्या टोपल्या सारख्या, असं पाळकसाहेब दर वर्षी सांगत. पण वेदीच्या अगदी जवळ कुणाची टोपली आहे, हे बघितल्याशिवाय एकही माणूस डोळे मिटून प्रार्थना करत नसे. थोरल्यांची टोपली काही वर्षं दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत राहिली होती. त्यांच्या छातीत ते शल्य होतं, आणि छाती मोठी असल्यामुळे शल्यही मोठं होतं.

लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळत नव्हतं, साखर मिळत नव्हती, मोटारी कोळशाच्या धुरावर चालत होत्या. अशा दिवसांत थोरले शेतीचं प्रदर्शन बघायला पुन्हा पुण्याला गेले. तिथं म्हणे एका तक्त्यावर चित्र लावलं होतं. फळझाडाच्या एका फांदीला सालीची नखाएवढी बारीक चीर गोलाकार घ्यायची, म्हणजे त्या फांदीला फळ जास्त धरतं. चित्राखाली बरंच काही लिहिलेलं असणार. एकच फांदी का, चीर बारीकच का, ती भरून कशी येते. एवढं वाचत कोण बसतो! शिवाय थोरल्यांचा जीव नखाएवढ्या गोष्टीत रमणारा नव्हता.

आंबे बहाराची, म्हणजे मोसंबीच्या हिवाळी फुलोऱ्याची, वेळ होती. या दिवसांत मोसंबीचं पाणी तोडून झाडांना ताण देतात, पानं मलूल होऊ देतात, आणि मग खत-पाणी दिलं की झाडं एकदम फुलतात. बाग अशी ताणावर असताना थोरले चार पंचांना घेऊन अक्काच्या दारात आले. बरोबर दोन गडी, हातात धारदार विळे. एकूण एक झाडाच्या बुंध्यावरची साल त्यांनी वीतभर रुंद, चारी बाजूंनी, आतलं पांढरं लाकूड दिसेपर्यंत सोलून काढली. वर शोभा यावी म्हणून उघड्या लाकडाला गेरू फासला. अक्का विचारायला गेली तर म्हणाले, "धाकले, तू निस्ती बघ आता."

मी नाताळची सुट्टी संपवून परत जाताना तिच्याकडे उतरले. ती कोळशाची मोटार चढावर दमायची आणि आम्हा उतारूंना खाली उतरून ढकलावी लागायची. त्यामुळे आधीच माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. बागेत पाऊल टाकलं आणि थबकले. सगळी झाडं कमरेला तांबडा पट्टा लावून, कवायतीला उभ्या केलेल्या पोरांसारखी रांगेत उभी होती. आणि त्यांच्यामध्ये बाज टाकून थोरले बसले होते, पंचांसह, चहा पीत.

"या मास्तरीनबाई," ते म्हणाले. "सुदारना सुदारना म्हनत्यात ती ही, बघून घ्या."

मी जवळच्या झाडाच्या पट्ट्यावर बोट ठेवलं. सालीचा एक धागाही शिल्लक नव्हता. मला रडू आलं असतं, पण त्या कोटापुढं रडायची माझी तयारी नव्हती. मी शाळेतला तोच धडा त्यांना सांगितला, जमेल तितक्या सोप्या शब्दांत. पाणी लाकडातून चढतं, तेव्हा पानं आत्ता हिरवी राहतील. पण पानांनी केलेलं अन्न सालीतून उतरतं, आणि ती वाटच तुम्ही सोलून टाकलीत. मुळं उपाशी मरतील. मुळं मेली की मग पाणी कोण चढवणार?

"अन्न वरनं खाली?" थोरल्यांनी पंचांकडे बघितलं. "अवो, झाड जिमिनीतनं खातं का आभाळातनं? आमी शेनखत मुळाला घालतो. तुमच्या शाळंत फांद्यांवर घालत्यात काय?"

पंच पोट धरून हसले. एकाच्या बशीतला चहा सांडला.

"खतातून मिळतं ते मीठमसाल्यापुरतं," मी म्हटलं. "भाकरी पानांत होते."

"म्हंजी चूल बी वरच!" थोरले म्हणाले, आणि पुन्हा हशा. मग त्यांनी हात वर करून एक डहाळी वाकवली. "ह्ये पान बगा. वाळलंय? न्हाई ना? जे वाळत न्हाई त्याला मेलं म्हनायची रीत तुमच्या शाळंत आसंल. आमच्या शेतात न्हाई."

या एका वाक्यावर त्यांनी पुढचं वर्षभर काढलं. पानं बघा, पानं बघा. जो येईल त्याला पानं दाखवायचे. पान हिरवं आहे याचा अर्थ लाकडातून पाणी जात आहे, एवढाच. पण ज्या माणसाला झाड म्हणजे जमिनीत रोवलेला पाण्याचा नळ वाटतो, त्याला यापुढचं कसं समजावायचं ते माझ्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवलं नव्हतं. तिथं आम्हीही "काष्ठातून वर, सालीतून खाली" हे दोन ओळींत घोकलं होतं आणि परीक्षेत ओकलं होतं. आमच्या अध्यापिकाबाईंनी एखाद्या खऱ्या झाडाची साल कधी बोटानं चाचपली असेल, असं मला वाटत नाही.

मग पाणी सोडलं आणि बाग फुलली. कशी फुलली म्हणून सांगू! फांदी दिसेना. मनमाडच्या रस्त्यावरून जाणारी माणसं वासानं गाडी थांबवून आत येऊ लागली. फुलं गळून फळ धरलं तेही घोसांनी. थोरल्यांना लोकांनी डोक्यावर घेतलं. मला मात्र त्या घोसांकडं बघवत नव्हतं, कारण ते काय आहे ते मला दिसत होतं. मुळांच्या वाटचं सगळं अन्न वरच अडकलं होतं आणि फळांत जाऊन बसलं होतं. पट्ट्याच्या वरच्या काठाला साल सुजून ओठासारखी जाड झाली होती. खालच्या काठाला साल सुकी, आवळलेली. ज्याला डोळे आहेत त्याला एवढं पुरे होतं. पण आलेली माणसं मान वर करून फळं बघत. कमरेच्या खाली बघायला कुणालाच वेळ नव्हता.

अक्कालाही मी सांगत होते. ती ऐकून घ्यायची, पण मध्येच कुणी पाहुणा आला की पदर सावरून उठायची. नवरा गेल्यापासून तिच्या दारात कुणी फिरकलं नव्हतं आणि आता लोक तिला "काय बाग हाय, बाई!" म्हणत होते. तिच्या तोंडावर कधी नव्हे ते हसू होतं. ते हसू पुसायचं काम माझ्याकडे आलं होतं, आणि मला त्याचा फार त्रास झाला. म्हणून एकदोन वेळा मी काही न बोलताच परत गेले.

झाडं बिचारी थोरल्यांपेक्षा शहाणी होती. पट्ट्याच्या खालून, खुंटावरून, त्यांनी फुटवे काढायला सुरुवात केली. त्या फुटव्यांना पानं आली असती तर तेवढ्यांनी तरी मुळांना घासभर अन्न दिलं असतं. पण थोरल्यांच्या मते ते पानसोट, फळ न देणारी वांझ फूट, बागेची शोभा घालवणारे. ते हातात काठी घेऊन फेरी मारत आणि दिसेल तो फुटवा मोडून टाकत. फक्त गोठ्यामागच्या रांगेत ते जात नसत, कारण तिथं शेण आणि गोमूत्राचा चिखल असे आणि त्यांचं धोतर पांढरं असे. त्या रांगेतले फुटवे हातहात वाढले.

पावसाळा लागला. एका शनिवारी अक्काचा निरोप आला, मोटारीच्या ड्रायव्हरच्या हातून: ताबडतोब ये. मी गेले तेव्हा ती एका झाडाचं आळं उकरून बसली होती. तिनं माझ्या हातात मुळांचा झुपका ठेवला. तंतुमुळं काळी पडली होती आणि चिमटीत धरली की त्यांची साल सुटून येत होती.

"तू म्हनलीस तसंच हाय," ती म्हणाली. "आता काय करायचं ते सांग. चुकी कुनाची ते मागनं बगू."

मला तिचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता. उपाय एकच होता. तुटलेल्या वाटेवर पूल बांधायचा. गोठ्यामागच्या रांगेत ते सोपं होतं: पट्ट्याखालून आलेला लांब फुटवा वाकवून वर न्यायचा, शेंडा तिरका तासायचा आणि पट्ट्याच्या वरच्या सालीत खाच घेऊन तिथं बसवायचा. जिथं फुटवे मोडले होते तिथं त्याच झाडाची कोवळी काडी घेऊन तिची दोन्ही टोकं तासायची, एक खालच्या सालीत, एक वरच्या सालीत. पावसात साल लाकडापासून सहज सुटते, त्यामुळे वेळ योग्य होती. कल्पना माझी, पण हात अक्काचे. नवऱ्याबरोबर डोळे भरण्यात तिची बोटं तयार झाली होती. मी धरलेल्या काड्या वेड्यावाकड्या बसत. तिनं बसवलेली काडी सालीत अशी जाई, की फट दिसत नसे. वरून केळीच्या सोपटाची पट्टी आवळायची आणि शेणमातीचा लेप द्यायचा.

पावसाळाभर माझे शनिवार-रविवार त्यात गेले. रविवारी मी चर्चमध्ये नसते, याची थोरल्यांनी पंचांसमोर नोंद घेतली. विज्ञान शिकलं की माणूस देवाला विसरतो, असंही ते म्हणाले. त्यांच्या भावजयीचं घर वाचवण्यासाठी मी चिखलात गुडघ्यावर बसले होते. पण गुडघे टेकण्याची जागा त्यांच्या मते एकच होती.

गोठ्यामागची रांग आधी झाली. मग पुढच्या रांगा, रस्त्याकडच्या. बऱ्याच झाडांना काड्या बसल्या. काही काड्यांच्या डोळ्यांतून बारीक हिरवं डोकावू लागलं होतं, म्हणजे जोड धरत होता. आणखी थोडे आठवडे मिळाले असते तर निम्मी बाग नक्की वाचली असती. हे मी रागाच्या भरात म्हणत नाही. तेव्हाही मोजूनमापूनच म्हणत होते.

पण कापणीचा सण जवळ आला. सणाआधी मंडळी आणि तालुक्याचे कुणी अधिकारी बाग बघायला येणार, असं थोरल्यांनी परस्पर ठरवलं आणि आदल्या दिवशी तयारी बघायला आले. मी शाळेत होते. अक्कानं नंतर सांगितलं ते असं. शेणाचे लेप बघून ते जागच्या जागी उभे राहिले. "ह्ये काय? बाग हाय का दवाखाना? उद्या सायेब काय म्हनंल?" अक्का म्हणाली, "भावजी, हात लावू नका, जोड धरतोय." ते म्हणाले, "फळानं लगडलेल्या झाडाला कसला जोड?" आणि गड्यांना हाक मारली. अक्का एका झाडापुढे आडवी झाली, तर गडी तिला वळसा घालून पुढच्या झाडाकडे गेले. पट्ट्या फाडल्या, काड्या उपटल्या, लेप खरवडले. संध्याकाळपर्यंत पुन्हा ताजा गेरू. गोठ्यामागं मात्र चिखल होता, आणि अक्कानं त्या रांगेबद्दल अवाक्षर काढलं नाही.

सण झाला. थोरल्यांची टोपली वेदीला टेकून होती, अक्काच्या बागेतल्या मोसंब्यांनी भरलेली, इतकी मोठी की ती आणायला दोन माणसं लागली. पाळकसाहेबांनी मोसंबी हातात घेऊन अर्धा तास प्रवचन केलं, आणि त्या अर्ध्या तासात "थोरल्यांची मेहनत" इतक्या वेळा आलं की देवाचा नंबर मागे पडला. अक्काचं नाव एकदाही निघालं नाही. लिलावात लोकांनी त्या फळांसाठी चढाओढ केली. आजूबाजूचे बागाईतदार थोरल्यांना विचारत होते, आमच्याकडं कधी येता, पट्टा केवढा घ्यायचा, गेरू कुठला. मी मागच्या बाकावर बसले होते. कुणीतरी एक फोड माझ्या हातावर ठेवली. फोड गोड होती, फार गोड, हे मी मान्य करते.

पुढचं सांगायला फार शब्द लागत नाहीत. नाताळानंतर ताण देऊन पाणी सोडलं, पण पुढच्या रांगांना बहार आलाच नाही. पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या, मग पानं द्रोणासारखी वळली. मार्चात शेंडे वाळले. थोरले आता पानं दाखवेनासे झाले. त्याऐवजी कारणं दाखवू लागले. आधी म्हणाले, नजर लागली. मग म्हणाले, लढाईतल्या बॉम्बच्या धुरानं हवा बिघडली. शेवटी पाटाचं पाणी खारट झालं, यावर त्यांचं मन स्थिर झालं, आणि ते इतक्या ठामपणे सांगू लागले की पंचांनाही पाणी खारट लागू लागलं. ज्यांना पट्टे हवे होते ते बागाईतदार गुपचूप आपापल्या घरी बसले. पट्ट्याचं नाव कुणी काढेना. फळं लागली तेव्हा ती पट्ट्यानं लागली होती. झाडं मेली ती मात्र पाण्यानं.

मे महिन्यात मी सुट्टीला अक्काकडे होते. एक दिवस सकाळी थोरले पाळकसाहेबांना आणि त्याच चार पंचांना घेऊन आले. वाटेवर त्यांची बैलगाडीही उभी होती, सामान न्यायला. रिकाम्या फांद्यांखाली बाज टाकली गेली. सावली नव्हती, तरी थोरल्यांनी कोट काढला नाही.

"धाकले," ते आवाज खाली आणून म्हणाले, "देवाची मर्जी. पानी खारं झालं, बाग गेली. आता हितं एकलीनं काय करनार? मंडळीसमोर ठरलंच हाय. घरला चल. आमी काय तुला परकी समजत न्हाई."

पाळकसाहेबांनी मान हलवली. पंचांनीही हलवली. एकानं "थोरल्यांचं मन मोठं" असंही म्हणून घेतलं. मी तोंड उघडलं, तर अक्कानं हातानंच मला गप्प केलं.

"आदी गोठ्यामागं चला," ती म्हणाली.

चिखल आता सुकला होता, त्यामुळे सगळ्यांना जाता आलं. मागं रांगभर झाडं हिरवी होती. पट्ट्याखालून निघालेले फुटवे अंगठ्याएवढे जाड होऊन वर गेले होते आणि वरच्या सालीत मुरून एकजीव झाले होते. फांद्यांना फळ होतं, बेताचं, जेवढं झाडाला झेपेल तेवढं. पाळकसाहेब खाली वाकून बघत राहिले.

"ही कशी जगली?" त्यांनी विचारलं.

"ह्यांच्या पट्ट्या भावजींनी फाडायच्या ऱ्हायल्या," अक्का म्हणाली.

थोरल्यांनी खाकरून घेतलं. "आसंल. दोनचार झाडांनी का बाग व्हती? पानीच खारं, त्याला..."

"पानी खारं म्हनता, भावजी," अक्का शांतपणे म्हणाली, "त्याच पाटाचं पानी तुमच्या बागंला जातं. तुमची झाडं हिरवीगार हायत. मी कालच जाऊन बघितली, येकूनयेक. तुमच्या एका तरी झाडाला पट्टा हाय का?"

आम्ही सगळ्यांनी पाटाच्या पलीकडे बघितलं. थोरल्यांची बाग डेरेदार उभी होती आणि बुंधे सगळे साबूत, काळपट सालीचे. मला सगळं वनस्पतिशास्त्र तोंडपाठ होतं. वर्षभर मी लाकूड आणि साल यावर घसा कोरडा केला होता. पण एवढा साधा प्रश्न मला एकदाही सुचला नव्हता. त्या माणसानं आपलं एक झाड राखून ठेवलं होतं असं नव्हे, अख्खी बाग राखून ठेवली होती, आणि प्रयोग विधवेच्या झाडांवर केला होता.

"ते..." थोरले म्हणाले, "ते पुढल्या बहाराला करनारच हुतो की."

अक्का घरात गेली आणि विळा घेऊन आली. मुठीकडून तिनं तो थोरल्यांपुढं धरला.

"पुढला बहार कशापायी? आज पंच हायत, पाळकसायेब हायत. चला, आत्ताच करू. मी झाड धरते, तुमी सोला. तुमची बी बाग वाळू द्या, मंग बसून ठरवू कुनी कुनाच्या घरला जायचं."

पाळकसाहेबांनी प्रार्थना सुचवावी म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं. थोरल्यांनी विळ्याकडे बघितलं, पण हात कोटाच्या खिशातून बाहेर काढला नाही. मग ते वळले आणि बैलगाडीकडे चालू लागले. त्यांच्यामागून पंच निघाले, आणि रिकामी गाडी आली तशी परत गेली.

अक्कानं विळा वळचणीला खोचला. पाटाच्या पाण्याची पाळी त्या दिवशी तिची होती, म्हणून ती गोठ्यामागच्या रांगेला पाणी द्यायला गेली.